माईंचे निरोप आणि मेन जेट

माईंच्या मुलाने आणि सुनेने एकमेकांशी बोलणं टाकलं, तेव्हा शर्यत दोन आठवड्यांवर आली होती आणि शर्यतीच्या मोटारसायकलला नवा, मोठ्या तोंडाचा कार्ब्युरेटर नुकताच बसला होता. अबोल्यासाठी यापेक्षा गैरसोयीची वेळ दोघांना शोधूनही सापडली नसती.

मुलाला लहानपणापासून सगळे पान्या म्हणत, कारण रांगायच्या वयापासून त्याच्या हातात खुळखुळ्याऐवजी पाना असायचा. आता त्याचं लहान इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. पंप, जनरेटर, गवत कापायची यंत्रं, काय वाटेल ते तिथे येई. सून गाडी शिकवायच्या शाळेत शिकवत असे. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवायचा आणि गोगलगायीच्या चालीने गावभर फिरायचं, अशी तिची नोकरी. त्या सगळ्या हळूपणाचा वचपा ती रविवारी शर्यतीच्या मैदानावर काढायची. वळणावर ती इतकी झुकून फिरे, की तिथल्या लोकांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि मग माईही तेच म्हणू लागल्या.

गाडी मूळची अगदी साधी, कामावर जायला वापरतात तसली छोटी मोटारसायकल. पान्याने तिचे दिवे, आरसे, मागची सीट सगळं उतरवलं होतं. सिलेंडर मोठा केला होता, सायलेन्सर बदलला होता आणि हवेची पेटी काढून तिथे उघडा फिल्टर बसवला होता. माईंना ती उपाशी टोळासारखी दिसायची. पण एवढं सगळं बदललं की इंजिनाची भूकही बदलते. कार्ब्युरेटरमध्ये पितळेचे चिमुकले जेट असतात, शर्टाच्या बटणापेक्षा लहान, मधोमध सुईने टोचल्यासारखं भोक. त्या भोकातून पेट्रोल जातं. भोक लहान पडलं तर इंजिन उपाशी राहतं आणि तापतं, मोठं पडलं तर त्याला ठसका लागतो. पान्याकडे असे जेट ढिगाने होते. माईंच्या गोळ्यांच्या जुन्या डबीत, सोमवार ते रविवार अशा कप्प्यांत, आकाराप्रमाणे लावून ठेवलेले. त्यातला कुठला बसवायचा हे ठरवायला रीत एकच होती. एक लावायचा, भिंगरीने कारखान्यामागच्या ओसाड सरळ रस्त्यावर गाडी पळवून आणायची आणि परत येऊन काय वाटलं ते सांगायचं.

घोडं अडलं होतं ते या सांगण्यापाशी.

भांडणाचं कारण ऐकायला फार छोटं होतं. मागच्या शर्यतीत भिंगरी सातवी आली. क्लबच्या कुणीतरी पान्याला विचारलं, काय झालं म्हणून. पान्या म्हणाला, गाडीत तर काही खोट नव्हती. भिंगरी मागेच हेल्मेट काढत उभी होती. तिने ते ऐकलं आणि चहाच्या रांगेत, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की गाडी पळाली असती तर मीही पळाले असते. घरी येईपर्यंत दोघांनी तोंडात गुळणी धरली ती धरलीच.

माईंनी आधी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी पहाटे भिंगरी गाडी पळवून आली, हेल्मेट काखेत मारून स्वयंपाकघरात उभी राहिली आणि मागच्या गॅरेजच्या दाराकडे पाठ करून माईंना म्हणाली, "तुमच्या मुलाला सांगा, पूर्ण रेस दिली की गाडी मान टाकते. कुणी नरडं दाबल्यासारखी. दगडाला लाथ मारली तर तो हिच्यापेक्षा लांब जाईल."

स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरायला दोन पायऱ्या होत्या. माईंची उभी हयात एका दंतवैद्याच्या दवाखान्यात, बाहेरच्या टेबलावर गेली होती. आतून डॉक्टर म्हणायचे, दाढ पार कुजलीय, उपटावी लागणार, बोंबलेल तो. माई बाहेर येऊन म्हणायच्या, जरासं टोचल्यासारखं होईल हं, आणि मग बरं वाटेल. कडू गोळी साखरेत घोळवून देणं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्यासाठी त्यांना दोन पायऱ्याही पुष्कळ झाल्या. गॅरेजमध्ये पोचल्यावर त्यांनी सांगितलं, सगळं छान आहे म्हणते, फक्त शेवटी शेवटी किंचित दमल्यासारखी होते.

पान्याने विचारलं, दमते म्हणजे नक्की काय. माई म्हणाल्या, आपण जिना चढून आल्यावर होतो ना, तसं. पान्याने भिंगातून डबीत पाहिलं आणि एकच नंबर मोठा जेट लावला. किंचित दमण्याला किंचित औषध.

दुसऱ्या दिवशी गाडी होती तशीच. भिंगरी परत आली ती दातओठ खात. माईंनी तिचं बोलणं ऐकून घेतलं, त्यातले प्राण्यांचे उल्लेख गाळले आणि गॅरेजमध्ये जाऊन अजून थोडं बाकी आहे म्हणते असा निरोप दिला. पान्या डोकं खाजवत म्हणाला, तिला विचार, पूर्ण रेसवर असताना रेसची मूठ जराशी मागे सोडली तर गाडी उचल खाते का. एवढं बोलून थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याने पुढे असंही जोडलं, की मूठ एकदा पिरगळली की खिळा ठोकल्यासारखी धरून बसते ती, सोडून बघण्याइतकी अक्कल असेल तर बघ म्हणावं.

माई पायऱ्या चढून वर आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात मूठ, खिळा आणि अक्कल एवढंच उरलं होतं. त्यातली अक्कल वगळून त्यांनी भिंगरीला विचारलं, मूठ फार घट्ट धरावी लागते का गं, दुखतं का मनगट? भिंगरीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं आणि नाही म्हणाली. माईंनी खाली येऊन पान्याला सांगितलं, नाही म्हणाली.

आता मूठ सोडल्यावर गाडीने उचल खाल्ली असती, तर पेट्रोल कमी पडतंय असा अर्थ होता. ती खात नाही म्हटल्यावर पान्याने उलट हिशेब मांडला. पेट्रोल जास्तच होत असणार. पण खात्री करायला त्याला इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग बघायचा होता. प्लग काळा निघाला तर पेट्रोल जास्त, पांढरा निघाला तर कमी. मात्र तो खरं बोलायला हवा असेल तर इंजिन पूर्ण वेगात असतानाच बंद करावं लागतं. हळूहळू फटफट करत घरी आलं, की प्लग वाटेवरच काळा होतो आणि थापा मारतो.

म्हणून पान्याने निरोप पाठवला, की उद्या पूर्ण वेगात असतानाच क्लच दाबून इंजिन बंद कर आणि तिथून गाडी ढकलत आण.

भरधाव गाडीचं इंजिन बंद कर, हे कुणी शहाण्या माणसाने बायकोला सांगायचं बोलणं माईंना वाटलं नाही. रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो, दवाखान्यात त्यांनी थोडं पाहिलं नव्हतं. त्या वर गेल्या, पदराला हात पुसले आणि भिंगरीला म्हणाल्या, उद्या जपून ये म्हणाला.

भिंगरी बूट काढता काढता थांबली. "असं म्हणाला? जपून ये?"

माई म्हणाल्या, हो, आणि परत येताना अगदी सावकाश ये म्हणाला.

भिंगरी उठून आत गेली. माईंना वाटलं, सून विरघळली. प्रत्यक्षात दिवसभर शिकाऊ लोकांना ती स्वतः जे वाक्य ऐकवत असे, नेमकं तेच कुणी तिला ऐकवावं, याचा तिला किती घाव बसला हे माईंना ठाऊक नव्हतं. त्या रात्री भिंगरी जेवणावरून लवकर उठली आणि पान्याच्या ताटाकडे बघायचंही तिने टाळलं. अबोला आधी नुसता होता, तो आता गोठला.

दुसऱ्या दिवशी ती सांगितल्याप्रमाणे सावकाश, शिस्तीत, वळणावर हात दाखवत घरी आली. पान्याने प्लग काढला. काजळी फासल्यासारखा काळाकुट्ट. त्याला आनंदच झाला, कारण त्याचा हिशेब बरोबर निघाला होता. त्याने मोठा जेट काढून थेट दोन नंबर लहान जेट बसवला.

शनिवारी भिंगरीला यायला उशीर झाला. माई तीनदा फाटकापर्यंत जाऊन आल्या. शेवटी ती दिसली, गाडी ढकलत, जॅकेट हँडलला अडकवलेलं, चेहरा टोमॅटोसारखा. निम्म्या रस्त्यातच इंजिन रटरटलं, आचके दिले आणि बंद पडलं होतं. तिने गाडी गॅरेजच्या दारात उभी केली, सायलेन्सरजवळून आच येत होती. ती थेट बाथरूममध्ये गेली आणि आतून पाणी सोडल्याचा आवाज आला.

पान्याने इंजिन थोडं निवल्यावर प्लग काढला आणि बघतच राहिला. खडूसारखा पांढरा. नशीब, पिस्टन वाचला होता. तो पुटपुटला, काल काळा, आज पांढरा, असं कसं होईल, पूर्ण वेगात बंद करून आणला होता ना तो.

माई दारात उभ्या होत्या.

"म्हणजे ते तू खरंच सांगायला सांगितलं होतंस?"

पान्याने मान वर केली. "आई, तू तिला काय सांगितलंस?"

माई म्हणाल्या, "जपून ये म्हणून."

पान्या पालथ्या घातलेल्या खोक्यावर बसला. मग माईंनी सगळं सांगितलं. मनगटाचं सांगितलं, किंचित दमण्याचं सांगितलं, गाळलेल्या प्राण्यांचंही सांगितलं. तो रागवेल अशी त्यांची तयारी होती, पण तो फक्त एकच विचारत होता, की पहिल्या दिवशी ती नेमकं काय म्हणाली होती. टेबलामागे बसून माईंची स्मरणशक्ती घासून लख्ख झालेली. त्यांनी मान टाकण्यापासून दगडापर्यंत सगळं, त्याच सुरात म्हणून दाखवलं.

"नरडं दाबल्यासारखी," पान्या हळूच म्हणाला. "हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं? यापेक्षा स्वच्छ कोण सांगणार?" आणि त्याने डबी ओढून घेतली.

माईंना वाटलं, आता हा उठेल, आत जाईल आणि चार शब्द बोलेल. पण मानी माणूस कसला उठतोय. तो जेट निवडत म्हणाला, यापुढे ती जे म्हणेल ते जसंच्या तसं सांग, एक अक्षर बदलू नको.

भिंगरी डोक्याला टॉवेल गुंडाळून पलंगावर बसली होती. माई तिच्याजवळ बसल्या आणि तिलाही सगळं सांगून टाकलं. दवाखान्यातल्या चुका डॉक्टरांच्या नावावर खपायच्या, ही चूक मात्र सगळी स्वतःची होती, आणि पोरीला भर रस्त्यात काही झालं असतं तर, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. भिंगरी टॉवेलच्या टोकाशी चाळा करत ऐकत होती.

"म्हणजे ते जपून ये तुमचं होतं?" तिने विचारलं.

माईंनी मान डोलावली.

भिंगरी म्हणाली, "माई, तो गोड कधी बोलतो माहितीय? दुकानात एखादं इंजिन पार गेलेलं असलं, भंगारातच घालायचं असलं, की. त्याच्यावर हात फिरवून म्हणतो, चांगलं काम केलंस बाबा. जे दुरुस्त व्हायचं असतं त्याला शिव्या देतो. मला वाटलं, आपलं आता भंगारात निघालं."

माईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी भिंगरीचं डोकं टॉवेलने खसाखसा पुसून दिलं, गरजेपेक्षा जरा जोरातच.

रविवारी सकाळी तिघंही कारखान्यामागच्या रस्त्यावर गेली. गाडी, हत्यारांची पेटी, जेटची डबी आणि माईंसाठी घडीचं स्टूल. पान्या पेटीपाशी उभा राहिला, भिंगरी पंचवीस-तीस पावलांवर गाडी घेऊन, आणि मधोमध स्टूल. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एकमेकांचं बोलणं दोघांना सहज ऐकू येत होतं, पण ऐकू येत नाही असं दोघांनीही ठरवलं होतं.

पहिली फेरी झाली. भिंगरी माईंकडे बघून बोलली. माई उठल्या, पान्यापाशी गेल्या, हात पुढे बांधले आणि पेशंटला तारीख देण्याच्या आवाजात म्हणाल्या, "ती म्हणते, कालच्यापेक्षा बरी आहे, पण अजून दम्याच्या गाढवासारखी धापा टाकते. आणि ज्याने हा जेट लावला त्याने आयुष्यात फक्त चहाची गाळणी हाताळली असावी."

पान्या गंभीरपणे म्हणाला, विचार, गाढव शेवटीच धापा टाकतं की निम्म्या रेसवरही. आणि गाळणीवाल्याने मूठ सोडायला सांगितलं होतं, ते बहिरीने ऐकलं का.

माईंनी बहिरीसकट निरोप पोचवला. आपल्या तोंडून असे शब्द निघताहेत याची त्यांना लाज वाटत होती आणि, खरं सांगायचं तर, थोडी गंमतही वाटू लागली होती. भिंगरीने सांगितलं, मूठ सोडली की गाढव दोन पावलं धावतं. पान्याने टाळी वाजवल्यासारखे हात झाडले आणि मोठा जेट लावला. पुढच्या फेरीत गाडी सुसाट गेली, पण शेवटी तिला ठसका लागला, फडफड आवाज करत राहिली. ती म्हणते, माई म्हणाल्या, आता गाढवाला घशापर्यंत पाजलंय, तुझ्या हाताला मापच नाही, तुझ्या हातचा चहाही असाच असतो. पान्या म्हणाला, चहा सोसत नसेल तर स्वतः कर म्हणावं, आणि त्याने मधला जेट शोधून काढला. मग निम्म्या रेसवरचा अडखळा निघाला, त्यासाठी कार्ब्युरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच सरकवावी लागली. त्यावरून कुणाची मान कुठल्या खाचेत बसवायला हवी, याची चर्चा झाली. माई स्टुलावर बसत होत्या आणि उठत होत्या, ऊन चढत होतं, आणि दर फेरीगणिक निरोपांत इंजिन जास्त आणि शिव्या तेवढ्याच, असं होत चाललं होतं.

अशाच एका निरोपाला माई निघाल्या. पान्याने विचारलं होतं, वळणातून निघताना कशी उचलते. त्या निम्म्या वाटेत असतानाच मागून पुढून काहीतरी ऐकू आलं. भिंगरी त्यांच्या डोक्यावरून थेट पान्याला सांगत होती, की उचलते, पण जरा झटका देऊन, आणि पान्या तिथूनच विचारत होता, झटका कुठे, दुसऱ्या गिअरला की तिसऱ्या. भिंगरी म्हणाली, दुसऱ्याला, आणि ओरडू नको, मी काय बहिरी आहे का. पान्या म्हणाला, तेच तर मघाशी सांगितलं. मग तो हसला, आधी नाकातून, मग पोट धरून. भिंगरीने हेल्मेटची काच खाली ओढली, पण तिचे खांदे हलत होते.

माई भर रस्त्यात उभ्या राहिल्या. दोघांपैकी कुणालाच त्यांची आठवण नव्हती. त्यांनी स्टूल उचललं, झाडाच्या सावलीत नेऊन ठेवलं आणि पाय पसरून बसल्या.

पुढच्या रविवारी शर्यत झाली. माईंना शर्यतीतलं फारसं कळत नसे. त्यांना फक्त वळणावरून येणारा आवाज ओळखता येई, आणि तो त्या दिवशी सलग, एका दमात, कापड फाडत न्यावं तसा येत होता. पान्या कुंपणाला चिकटून उभा होता आणि तोंडाने अखंड काहीतरी बडबडत होता. त्यातलं फारसं काही चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. भिंगरी दुसरी आली. पहिल्या गाडीच्या मागच्या चाकाला तिचं पुढचं चाक जवळजवळ लागलेलं होतं. उतरल्या उतरल्या तिने हेल्मेट पान्याच्या पोटावर आदळलं आणि साखळीचं मागचं दातेरी चक्र बदलायला हवं म्हणून सुरुवात केली, सरळ रस्त्यावर शेवटी इंजिनाला पळायला जागाच उरत नाही म्हणे. पान्या म्हणाला, चक्राला हात लावायचा नाही, वळणातून उशिरा निघतेस ते आधी सुधार.

परतताना तिघंही दुकानाच्या टेम्पोत पुढच्या बाकावर होती. पान्या चालवत होता, भिंगरी खिडकीशी, माई मधे. मागे गाडी दोरांनी बांधलेली. गाव यायला अजून बराच वेळ होता आणि चक्रावरचा वाद ऐन रंगात आला होता. एक उजवीकडून दातांची संख्या सांगत होता, दुसरी डावीकडून ती खोडत होती, आणि दोघंही मधेमधे थांबून म्हणत होती, माई, तुम्हीच सांगा, आई, तूच सांग. माईंच्या डाव्या कानात भिंगरी होती आणि उजव्या कानात पान्या. बोलता बोलता भिंगरीने हात हवेत फिरवला, तो त्यांच्या चष्म्याला लागला.

माईंनी पान्याला टेम्पो कडेला घ्यायला सांगितला. तो घाबरला, काय होतंय, मळमळतंय का, म्हणून विचारू लागला. माईंनी भिंगरीला खाली उतरवलं, मग स्वतः उतरल्या, साडी नीट केली आणि भिंगरीला आधी आत चढायला सांगितलं.

"तू बस मधे," त्या म्हणाल्या. "मला खिडकी हवी."

दार लागलं, टेम्पो पुन्हा रस्त्याला लागला आणि वाद जिथे थांबला होता तिथूनच सुरू झाला, फक्त आता जरा हळू आवाजात, कारण दोघांचे खांदे एकमेकांना लागत होते. माईंनी काच खाली केली. बाहेर लांबवर मोकळी शेतं होती, कुठेतरी कुणीतरी कपडे वाळत घातले होते, आणि वारा छान येत होता.